फाडफाड इंग्रजी आणि समोरचा माणूस

कर्जत स्टेशनातून बाहेर पडले की विजेच्या खांबांवर आणि रिक्षांच्या पाठीवर ज्या जाहिराती दिसतात त्यांत इंग्रजी संभाषणाच्या वर्गाची एखादी तरी असतेच. खोपोलीतही तेच चित्र. इतक्या दिवसांत, इतक्या रुपयांत, ‘फाडफाड इंग्रजी बोला’. या ‘फाडफाड’पाशी मी बरेच दिवस अडखळलो आहे. मराठीत फाडफाड बोलायची भाषा एकच, इंग्रजी. संस्कृत अस्खलित बोलतात, हिंदी सफाईदार बोलतात, पाठांतर घडाघडा म्हणतात. फाडफाड कानडी बोलणारा माणूस निदान माझ्या ऐकण्यात नाही. शब्दातच आवाज आहे आणि तो आवाज आपण दुसरीकडेही वापरतो : फाडकन थोबाडीत मारली. म्हणजे इंग्रजी बोलणे हे आपल्या बोलीने कुणाशी तरी बोलणे म्हणून ओळखलेलेच नाही. ते समोरच्यावर ओढण्याचे काहीतरी आहे.

याहून जुनी प्रतिमा वाघिणीच्या दुधाची. ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने रूढ झाली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांतून इतकी घासली गेली की तिच्यातला उपरोध-अभिमान निवडणे आता अवघड आहे. पण प्रतिमा नीट पाहावी. दूध पितात, पचवतात, त्याने अंगात बळ येते, पिणारा गुरगुरतो. या सगळ्यात जिभेला काम आहे ते चव घेण्याचे. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या शहाण्यांना इंग्रजी हवी होती ती वाचण्यासाठी, मिल-स्पेन्सर पचवण्यासाठी, अर्ज लिहिण्यासाठी. सावित्रीबाई फुल्यांनी 1854 च्या ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तोही ज्ञानाचा दरवाजा म्हणून. बोलणे हा त्यातला शेवटचा आणि अनुषंगिक भाग होता.

दुधापासून थपडेपर्यंतच्या या प्रवासात एक माणूस कुठेच दिसत नाही, तो म्हणजे ऐकणारा. मराठी माणसाला इंग्रजी शिकवण्यासाठी जी पुस्तके निघाली, आणि पुढे त्या शिकण्यावर जो चित्रपट निघाला, ती मी या एका प्रश्नासाठी पुन्हा वाचली-पाहिली : यातला शिकणारा कुणाशी बोलतो? अशी पुस्तके आपण समीक्षेच्या कक्षेत घेत नाही. घ्यायला हवीत. किती मराठी कादंबऱ्यांची वाक्ये चार पिढ्यांनी तोंडपाठ केली आहेत?

सुरुवात अर्थातच तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून. तीन भागांची ही माला शंभराहून अधिक वर्षे छापली जाते आहे आणि आजही दुकानात मागितली तर मिळते. तिची रीत सर्वांना माहीत आहे. आधी शब्द, मग नियम, मग इंग्रजी वाक्यांचे मराठी, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी. वाक्ये एकापुढे एक येतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. एका वाक्यात कुणाचा तरी घोडा असतो, पुढच्यात कुणाचा तरी भाऊ, त्यापुढच्यात एखादे नीतिवचन. आणि घोड्याचा भावाशी काही संबंध नसतो. ‘मी’ असतो, पण तो शिकणाऱ्याचा मी नसून उत्तम पुरुष एकवचनाचा मी असतो. या गमतीवर हसणे सोपे आहे आणि आपण पुष्कळ हसलोही आहोत. तरी या पुस्तकाचा एक मोठेपणा कबूल केला पाहिजे. ते मराठीची लाज बाळगत नाही. प्रत्येक इंग्रजी वाक्याला मराठी वाक्य तोलामोलाचे मानून समोर उभे करते. मराठीतून इंग्रजीत जाताना काय सांडते, क्रियापद शेवटून मध्ये कसे सरकते, ‘ने’ आणि ‘ला’ कुठे विरघळतात, हे तर्खडकरांच्या विद्यार्थ्याला जितके कळत असे तितके आजच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाला कळत नाही. त्याला दोन्ही भाषा अर्ध्या अंधारात दिसतात.

मात्र त्या पद्धतीने एक सवय लावली. तोंड उघडण्याआधी वाक्य मनात मराठीत तयार करायचे, मग त्याचे भाषांतर करायचे, मग ते तपासायचे आणि मग बोलायचे. एवढे होईस्तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

यावर एक जबर आक्षेप निघतो आणि तो टाळून चालणार नाही. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे की रामजी सुभेदारांनी मुलाकडून तर्खडकरांची पुस्तके घरी पक्की करून घेतली. तोच मुलगा पुढे 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देतो आणि 1930 मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत ब्रिटिश पंतप्रधानांसमोर बोलतो. मग पद्धतीत दोष कसला? मला वाटते उत्तर ‘करून घेतली’ या शब्दांत आहे. रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. पुस्तकाच्या पलीकडे एक माणूस बसलेला होता, तो ऐकत होता, आणि मुलाने बोलावे अशी त्याची जिवापाड इच्छा होती. पुढे समिती असो की परिषद, बोलणाऱ्याजवळ सांगण्यासारखे इतके होते आणि समोरच्याला ते ऐकणे भाग होते, की भाषा मागून आली. पुस्तक तेच, त्याच्यापुढे बसलेला बाप मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

शासनाच्या धोरणांचा इतिहास इथे फार उगाळत नाही. पाचवीपासूनची इंग्रजी 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून आली. त्यावर मराठी साहित्यिकांनी पुष्कळ शाई खर्च केली, बहुतेक विरोधात. दोन्ही बाजूंनी वाद होता तो मराठीच्या भवितव्याचा. पहिलीच्या वर्गात ही इंग्रजी बोलणार कोण, हा प्रश्न कडेला राहिला. बालभारतीच्या ‘माय इंग्लिश बुक’ची पुस्तके खरे तर चांगली होती, गाणी, खेळ, सूचना, मुलांनी एकमेकांना प्रश्न विचारणे, सगळे त्यात होते. परंतु कशेळे किंवा चौक भागातल्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत ते पुस्तक ज्यांच्या हाती पडले ते गुरुजी स्वतः पाचवीपासून, भाषांतराने, इंग्रजी शिकलेले. त्यांनी गाण्याचे भाषांतर सांगितले. मी त्यांना दोष देत नाही, मीही तेच केले असते. आणि त्या वाडीवरची मुले ठाकर किंवा कातकरी. घरी बोलतात ती बोली शाळेतली मराठी नव्हे. म्हणजे इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा, आणि दुसरीतच त्यांना ‘असं नाही बोलायचं’ हे ऐकून घ्यावे लागलेले. तोंड मिटून घेण्याचे शिक्षण इंग्रजीच्या तासाआधीच पूर्ण झालेले असते.

शाळेने जे दिले नाही ते ‘रॅपिडेक्स’ने देऊ केले. पुस्तक महल या दिल्लीच्या प्रकाशनाचा हा साठ दिवसांचा अभ्यासक्रम मराठीसह कितीतरी भारतीय भाषांतून निघाला, आणि कपिल देवच्या चित्राची त्याची जाहिरात माझ्या पिढीतल्या कुणाला आठवत नाही असे होणार नाही. ती निवड हुशारीची होती. कपिलच्या इंग्रजीला लोक हसत, आणि विश्वचषक हातात धरून उभा राहिला तोही कपिलच. जाहिरातीत न लिहिलेले वाक्य असे होते की हसू देत.

पुस्तकाची मांडणी पाहावी. मराठी वाक्य, इंग्रजी वाक्य आणि त्याचा उच्चार देवनागरीत. हा तिसरा रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो. तर्खडकरांचा विद्यार्थी डोळ्यांनी शिकत होता. हा पहिल्यांदा ओठांनी शिकू लागला. पुन्हा, ही उच्चाराची जबाबदारी आपल्या लिपीवर टाकलेली. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे दोन स्वर मराठीने इंग्रजीसाठीच घडवले आणि शासनाने 2009 साली त्यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली. त्या छोट्या अर्धचंद्राने किती माणसांची जात-पात ठरवली आहे! ‘हाटेल’ म्हणणारा आणि ‘हॉटेल’ म्हणणारा यांच्यामध्ये एक चंद्रकोर, आणि दोन पगार.

रॅपिडेक्समधली वाक्ये प्रसंगांनुसार येतात : अभिवादन, विनंती, परवानगी, राग, माफी, निमंत्रण, आज्ञा. इथे ‘मी’ हा खरा मी होऊ शकतो, त्याला राग येऊ शकतो, तो माफी मागू शकतो. तर्खडकरांच्या मानाने ही क्रांतीच आहे. पुढे संवादही येतात. अडचण अशी की त्या संवादांत समोरचा माणूस इतका गुणी असतो की नेमके पुढच्या ओळीला लागेल तेवढेच बोलतो. स्टेशनवर चौकशी केली तर खिडकीतला बाबू नीट, पूर्ण वाक्यात उत्तर देतो. ज्याने कर्जतच्या खिडकीवर कधी चौकशी केली आहे त्याने हे वाचून काय करावे? पुस्तकाने शिकणाऱ्याला वाक्य दिले, उच्चार दिला, प्रसंगही दिला. फक्त समोरचा अनपेक्षित काही बोलला तर काय करायचे, म्हणजे ऐकायचे कसे, ते दिले नाही. छापील पुस्तकाला ते देताही आले नसते, हे मान्य. पण ‘साठ दिवसांत’ हे शब्द ते देण्याचे वचन देतात. साठ दिवस संपले आणि तरी जीभ वळेना तेव्हा माणसाने पुस्तकाला नव्हे, स्वतःला नापास केले. अशी स्वतःला नापास केलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतल्या काहींनी नंतर मुलांना, ऐपत नसताना, इंग्रजी माध्यमात घातले.

अशाच एका नापास बाईची गोष्ट गौरी शिंदे यांनी ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (2012) सांगितली. शशी गोडबोले पुण्यात लाडू करून विकते. ‘जॅझ’ हा शब्द तिच्या तोंडून वेगळा निघतो आणि नवरा व मुलगी हसतात. श्रीदेवीने त्या हसण्यानंतरचा जो चेहरा दिला आहे त्यावर एक निबंध लिहिता येईल. ती रागावत नाही, हसण्यात अर्धवट सामील होते. भाचीच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला जाते, कॉफीच्या दुकानात तिचा पाणउतारा होतो, आणि स्वतःच्या लाडवांच्या पैशांनी ती चार आठवड्यांच्या वर्गात नाव घालते.

या चित्रपटाबद्दल मराठीत जे बोलले गेले ते बहुतेक गृहिणीच्या आत्मसन्मानाबद्दल, आणि ते रास्तच आहे. माझे लक्ष मात्र कॉफीच्या दुकानाकडे आणि वर्गाकडे जाते. शशीचे इंग्रजी दोन्हीकडे जवळजवळ तेवढेच आहे. दुकानातली बाई ऐकायला तयार नाही, तिच्यामागे रांग आहे. वर्गात पाकिस्तानी टॅक्सीवाला आहे, मेक्सिकन दाई आहे, तमिळ इंजिनिअर आहे, फ्रेंच आचारी आहे. कुणालाच इंग्रजी येत नाही आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकून घेण्याची गरज आहे. आचाऱ्याला तर तिच्या लाडवांतच रस आहे. शशी बोलू लागते ती इथे. ब्रज कचरू या काश्मिरात जन्मलेल्या भाषावैज्ञानिकाने जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळे काढली होती, आतले मातृभाषकांचे, बाहेरचे आपल्यासारख्यांचे आणि त्यापलीकडे पसरत जाणारे. आज इंग्रजी बोलणाऱ्यांत मातृभाषकच अल्पसंख्य आहेत. शशीचा वर्ग हे त्या बाहेरच्या दोन वर्तुळांचे संमेलन आहे, आणि कुणाची इंग्रजी शुद्ध हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. शाळेतल्या पालकसभेचा प्रसंगही असाच पाहावा. शिक्षक स्वतः हिंदीत अडखळत तिच्याशी बोलतात, दोघांचे बरे चाललेले असते. लाज वाटत असते ती शेजारी उभ्या असलेल्या मुलीला.

मग चित्रपट शेवटी मला थोडा दगा देतो. शशीची परीक्षा म्हणजे लग्नातले भाषण. सगळे गप्प, ती एकटी बोलते. इतका वेळ संवादातून उमललेले इंग्रजी अखेर वक्तृत्व स्पर्धेच्या मापाने मोजले जाते. परतीच्या विमानातला प्रसंग जास्त खरा आहे. ती हवाई सुंदरीला इंग्रजीतून विचारते, हिंदी वर्तमानपत्र आहे का. छान आहे. फक्त गोडबोले बाईंनी मराठी पेपर मागितला असता तर आम्हा मंडळींना अधिक बरे वाटले असते. हिंदी चित्रपटात तेवढे होणे नव्हते.

ओघाने आठवले म्हणून सांगतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मधली (2016) आर्ची मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असे दरडावते तेव्हा थिएटरे डोक्यावर घेतली गेली. तिथे इंग्रजी किती येते हा प्रश्नच नाही. बापाची सत्ता पाठीशी आहे म्हणून ऐकणारे कान हजर आहेत. आत्मविश्वास भाषेतून येतो असे सांगणाऱ्या सगळ्या जाहिरातींना हा प्रसंग परस्पर उत्तर देतो. आणि हो, ती इंग्रजी शब्दशः फाडकनच येते.

पुस्तके आणि चित्रपट बाजूला ठेवून आता तालुक्यात येतो. कर्जत-खालापूर भागात इंग्रजी कुठून आली? शाळेतून नव्हे. ती आधी रेल्वेतून आली, बोरघाटाच्या कामासोबत. गँगमन, सिग्नल, पॉइंट्समन, घाट चढण्यासाठी गाडीला मागून जोडायचे ‘बँकर’ इंजिन हे शब्द इथल्या निरक्षर घरांतही होते. खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र 1915 मध्ये सुरू झाले, पुढे कारखाने आले, आणि शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास आले. ही सगळी नामांची इंग्रजी. क्रियापद मराठीच : शिफ्ट लागली, ओव्हरटाइम मारला. त्याने कुणाचे अडले नाही. आज महामार्गाकाठची रिसॉर्टे, खालापूरजवळचा इमॅजिका, नदीकाठची फार्महाऊसे यांना पूर्ण वाक्ये बोलणारी मुले हवी आहेत. दहावीला इंग्रजीत ऐंशीपैकी साठ मिळवलेली, तोंडी परीक्षेच्या वीसपैकी एकोणीस मिळालेली मुलगी मुलाखतीत गप्प बसते. ते एकोणीस कसे मिळतात हे ज्यांनी दिले त्यांना ठाऊक आहे. मी देणाऱ्यांतलाच आहे.

माथेरान मात्र वेगळे आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट 1850 मध्ये तिथे पोचले तेव्हापासून त्या डोंगरावर पाहुण्यांशी बोलणे हाच धंदा आहे. शार्लट लेक, लुइझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट ही नावे घोडेवाल्यांच्या तोंडात खडीसाखरेसारखी विरघळलेली आहेत. गाड्यांना बंदी असल्याने प्रत्येक पाहुण्याला दस्तुरी नाक्यावर कुणाशी तरी बोलावेच लागते. गिऱ्हाईक गुजराती असेल तर गुजराती, हिंदी असेल तर हिंदी, परदेशी असेल तर इंग्रजी. व्याकरणाने पाहिले तर या इंग्रजीत धड एक वाक्य नाही. पण ती थांबत नाही, कारण समोरच्याला घोडा हवा आहे आणि याला पैसे.

मी खालापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. वर्गात उशिरा येणाऱ्याने कारण इंग्रजीत सांगायचे असा माझा नियम होता. एका जुलैत डोंगराकडच्या वाडीवरचा एक मुलगा तिसऱ्या तासाला, चिंब भिजून आला. म्हणाला, “सर, आय केम वॉकिंग. ब्रिज इज वॉटर.” वर्ग हसला. मी म्हटले, “दि ब्रिज वॉज अंडर वॉटर.” तीनदा म्हणून घेतले. त्याने म्हटले आणि जागेवर जाऊन बसला. वाक्य बरोबर झाल्याच्या समाधानात मी पुढचा धडा घेतला. त्यानंतर वर्षभर तो उशिरा आला तर दाराबाहेरच थांबे, आत येऊन बोलत नसे. मी त्याला आळशी समजलो.

पंधराएक वर्षांनी दस्तुरी नाक्यावर तो दिसला. एका वृद्ध परदेशी जोडप्याला घोड्याविषयी सांगत होता. घोडा म्हातारा आहे, पळणार नाही, उतारावर हळू जाईल, बाईंनी भिऊ नये. सगळी क्रियापदे वर्तमानकाळात, ‘इज’ आणि ‘नो’ यांच्या जोरावर. त्या बाई प्रश्न विचारत होत्या, मधेच हसत होत्या, तो पुन्हा सांगत होता. मी मुद्दाम मागे उभा राहिलो. काळाची चूक मी मनात दुरुस्त करत होतो, सवय जात नाही. मग त्याने मला पाहिले, ओळखले, वाकून नमस्कार केला आणि त्यानंतर माझ्यादेखत तो त्या बाईंशी इंग्रजीत बोलेना. हातवाऱ्यांनी बोलू लागला. मी बाजूला झालो.

घोडा लावून देऊन तो परत आला तेव्हा आम्ही चहा घेतला. मी त्याला विचारले, त्या दिवशी साकव पाण्याखाली होता तर तू आलास कसा?

“सर, तुमच्या अजून ध्यानात हाय?” तो म्हणाला. मग सांगू लागला. ओहोळ छातीपर्यंत होता. दप्तर डोक्यावर धरले, पलीकडच्या उंबराच्या मुळीला हात पोचेस्तोवर दोनदा पाय सुटला. धाकटी बहीण सोबत होती, तिला अलीकडेच थांबवून, परत जा म्हणून सांगितले होते; ती गेली की नाही याची काळजी दिवसभर होती.